चाकं बदलून पाहिली

१ फेब्रुवारी, रविवार

चाकं घ्यायची हे नक्की झालंय. कोणती, ते ठरत नाही. तीन आठवडे डोक्यात तेच घोळतंय म्हणून ही वही. लिहून काढलं की गुंता सुटतो असं धाकटी म्हणते. माझ्या या बहिणीचं सगळंच सुटतं.

आज तळ्याकाठच्या रस्त्याने अर्धी फेरी मारली, वीस किलोमीटर. गेल्या वर्षी याच सुमाराला लागला होता त्याहून साडेतीन मिनिटं जास्त वेळ लागला. वारा नव्हता. झोप झाली होती. साखळी परवाच धुतलीय. म्हणजे उरली ती चाकं. सायकलीबरोबर आलेली, अ‍ॅल्युमिनियमची, सहा वर्षं वापरलेली, जड.

आमच्या सायकल क्लबची शर्यत १२ एप्रिलला आहे. तळ्याभोवती एक पूर्ण फेरी, चाळीस किलोमीटर. एकेकाला मिनिटामिनिटाच्या अंतराने सोडतात. कुणाच्या आडोशाने जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, घड्याळ आणि आपण. मला ती म्हणूनच आवडते. नऊ वर्षं जातेय. धाकटीला मीच ओढून आणलं, गिअर कसे बदलायचे तेही मीच शिकवलं. गेल्या वर्षी ती माझ्या चाळीस सेकंद पुढे होती. त्याचं मला काही वाटलं नाही.

वाटलं.

आज ती पंपहाउसपाशी थांबली होती, बुटाची पट्टी आवळत. हल्ली दर रविवारी तिच्या बुटाची पट्टी नेमकी तिथेच सैल होते. नवे बूट घे म्हटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

काम सुटल्यावर मोठ्या दुकानात गेले. तिथला विक्रेता हुशार आहे, पण कुठूनही सुरुवात केली तरी वाऱ्यावर येऊन पोचतो. मी त्याचं नाव वारोबा ठेवलंय.

वारोबाने साठ मिलिमीटरची चाकं खाली काढली. म्हणजे टायरपासून आतल्या बाजूला साठ मिलिमीटर खोल रिम, काळी, कार्बनची. रिम खोल असली की वारा चाकात न अडकता कडेने घसरून जातो, अशी ती युक्ती.

"मॅडम, चाळीसच्या वेगाला हे चाक अख्खं मिनिट वाचवतं."

"मी चाळीसने जात नाही."

"या चाकांवर जाल."

हातात घेऊन पाहिलं. टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, रिकाम्या डब्यासारखा. थोड्या वेळाने मला स्टुलावर बसावं लागलं, तर त्याने पाणी आणून दिलं. बर्फ आहे का विचारलं. तो जरा बघत राहिला, पण आणला. चारही खडे चावून खाल्ले. पाणी तसंच राहिलं.

मी दातांच्या टोप्या बनवते. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची चूक झाली तर माणसाला घास चावता येत नाही. मापं मला कळतात. तरी पस्तीस, पन्नास की साठ हे मला ठरवता येऊ नये म्हणजे कमाल आहे.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दाढेची एक टोपी परत आली. चावताना उंच लागते म्हणे. दोन महिन्यांतली तिसरी. मालक काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

शेजारच्या टेबलावर गुलाबीताई बसते. कवळ्यांच्या हिरड्या बनवणं हे तिचं काम, त्यामुळे बाहीपासून डब्यापर्यंत तिचं सगळं गुलाबी. ती म्हणाली, "तू प्लास्टर कालवतेस कमी आणि हुंगतेस जास्त." खरं आहे. ओल्या प्लास्टरचा वास मला हल्ली फार आवडतो. "या वयात डोहाळे लागलेत की काय?" म्हणाली. दोघी हसलो. फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे मी रोज संपवते म्हणून तिने आता दुसरा आणून ठेवलाय.

८ फेब्रुवारी, रविवार

ठोके मोजायचा छातीचा पट्टा बिघडला. सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील अशा वेगात एकशे अडुसष्ट दाखवतो. बॅटरी बदलली. तेच. पट्टा धुऊन वाळवून लावला. तेच. शेवटी धाकटीचा मागून घेतला, तर त्यावर एकशे सत्तर. दोन्ही पट्टे एकाच लायकीचे.

१५ फेब्रुवारी, रविवार

वारोबाने साठची चाकं एका दिवसासाठी वापरून बघायला दिली.

झाडीतल्या रस्त्यावर मजा आली. चाकांतून घूं असा आवाज येतो, मागून कुणीतरी गुणगुणत येतंय असं वाटतं. मग बांध आला. दोन किलोमीटर उघडा, डावीकडून वारा. पहिल्याच झोताला पुढचं चाक कुणीतरी हाताने ढकलावं तसं सरकलं. माझं वजन एक्कावन्न किलो. दुसऱ्या झोताला मी रस्त्याच्या कडेच्या गवतात. पडले नाही. पण उतरले, आणि उतरल्यावर उभं राहवेना म्हणून बसले.

धाकटी वळून परत आली. "ताई, ओठ बघ तुझे."

"थंडी आहे."

"थंडी नाहीये, ताई."

घाबरल्यावर होतं तसं. वेळ पाच मिनिटांनी जास्त, पण त्यातला काही गवतात गेला. साठ बाद. आता पन्नास की पस्तीस.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

नवऱ्याला काय झालंय कळत नाही. शाळेतून आला की थेट भांडी घासायला घेतो. इस्त्री करतो. ओले कपडे गच्चीवर न्यायची बादली मी उचलायच्या आत त्याने उचललेली असते. तीन जिने मलाही नको असतात, ते ठीक, पण माझ्या कामात असं घुसलेलं मला आवडत नाही.

आज म्हणाला, "एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

"पाठ दुखतेय का तुझी?"

"माझी नाही."

मग मी त्याला पन्नास आणि पस्तीसमधला फरक समजावून सांगितला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. चांगला माणूस आहे, पण एका विषयाला धरून बोलत नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

धाकटीने पत्ता दिला म्हणून चाकवाल्या बाईंकडे गेले. एका छापखान्याच्या वर त्यांची खोली आहे. चाळीस वर्षं हाताने चाकं बांधून देतात. पासष्टीच्या असतील, केस बारीक कापलेले, बोटं सुतारासारखी. जिना अरुंद आणि उभा. भिंतीवर जुन्या शर्यतींचे फोटो लावलेत, ते मध्ये थांबून पाहिले. थोडं वर जाऊन पुन्हा थांबले आणि तेच पाहिले. वर बाई दारातच उभ्या होत्या.

"फोटो आवडले वाटतं," म्हणाल्या.

चाकांबद्दल त्या काही बोलल्याच नाहीत, मलाच विचारत राहिल्या. वजन किती. तळ्यावर वारा कोणत्या बाजूने येतो. चाळीस किलोमीटरला किती वेळ लागतो. गेल्या वर्षी किती लागला. त्याच्या आदल्या वर्षी. मी सांगत गेले, त्या खडूने टेबलावर मांडत गेल्या. आदल्या वर्षी अडुसष्ट मिनिटं, गेल्या वर्षी एकाहत्तर, आणि आत्ताच्या चालीने ऐंशीच्या आसपास. तिसऱ्या आकड्याभोवती त्यांनी खडूने गोल केला.

मग म्हणाल्या, "तुमच्या वजनाला पुढे साठ म्हणजे छत्री उघडून सायकल चालवण्यासारखं. पुढे पस्तीस, मागे पन्नास. हँडल ओढतं ते पुढचं चाक, मागचं खोल असलं तरी चालतं." कोपऱ्यातली जोडी काढून दिली. "ही माझी चाचणीची. तीन आठवडे वापरा. छातीला पट्टा लावून चालवा आणि ठोक्यांचे आकडे मला लिहून आणा."

"पट्टा बिघडलाय."

"मग बिघडलेले आकडे आणा."

वारोबापेक्षा बाई बऱ्या. निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळालं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पाळीचा बारावा दिवस. गुलाबीताई म्हणते तिचंही असंच व्हायचं, वय आहे. सेहेचाळीस. वय तर वय.

१ मार्च, रविवार

चाकं उत्तम आहेत. हे मी अगदी प्रामाणिकपणे लिहितेय. बांधावर आडवा वारा होता तरी सायकल रुळावरून जावी तशी गेली. वळणावर तर आपण काही करतोय असं वाटतच नाही.

वेळ सव्वाचार मिनिटं जास्त.

कारण सापडत नाही. मांड्यांत शिसं ओतल्यासारखं होतं आणि कानांत ठोके इतक्या जोरात वाजतात की चाकांचा आवाजही ऐकू येत नाही. टायरमधली हवा जास्त झाली असेल. पुढच्या वेळी थोडी कमी.

८ मार्च, रविवार

आज गेले नाही. कपडे घातले, बाटली भरली, हवा कमी केली, आणि बूट घालायला म्हणून बसले ती बसूनच राहिले. नवरा म्हणाला, "राहू दे आज." मी त्याच्यावर चिडले. मग राहू दिलं.

दुपारी उगीच आई आठवत होती. स्वयंपाक करता करता ती कपाटाच्या दाराला कपाळ टेकवून उभी राहायची, डोळे मिटून, मिनिटभर. आम्हाला वाटायचं देवाचं काहीतरी म्हणत असेल. आम्ही दोघी तिच्यामागे उभ्या राहून तिची नक्कल करायचो.

११ मार्च, बुधवार

काम कमी होतं. गुलाबीताईने हिरड्यांच्या रंगांच्या नमुना-पट्ट्या काढल्या आणि गंमत म्हणून आमच्या सगळ्यांच्या ओठांपाशी धरून रंग जुळवत बसली. मालकांना गडद निघाला, तिला स्वतःला मधला. माझ्याशी एकही जुळेना. "तुझा रंग आपल्या डब्यातच नाही गं. सगळ्यात फिकी पट्टीसुद्धा तुझ्यापुढे लाल दिसते," म्हणाली. सगळे हसले. तीही हसली. पट्ट्या पुन्हा डब्यात ठेवताना दोनदा माझ्याकडे पाहिलं तिने.

हवा कमी करून काही उपयोग नाही, काल संध्याकाळी घराजवळ चालवून पाहिलं. उद्या पूर्वीइतकी भरते.

१५ मार्च, रविवार

धाकटीशी भांडण झालं.

निघायच्या आधी तिचा फोन माझ्या हातात होता, त्यात तिच्या फेऱ्यांची नोंद असते. बुधवारी ती एकटी आली होती. तीच अर्धी फेरी, रविवारपेक्षा सात मिनिटं आधी पुरी केलेली. खाली पाहिलं, तर दर बुधवारी तेच. रविवारी हळू, बुधवारी भरधाव. पंपहाउसपाशी ती पुन्हा वाकलेली दिसली तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या बुटाला काहीही झालेलं नाही."

ती सरळ उभी राहिली. "नाही."

"कधीपासून हळू चालवतेस?"

"सप्टेंबरपासून."

"दया करतेस माझ्यावर?"

"भीती वाटते मला. तू मागे एकटी राहिलीस आणि कुठे..." वाक्य अर्धंच सोडलं तिने.

"नवी चाकं आली की बघू," मी म्हटलं.

"ताई, तू ऐकतच नाहीस. मी भावोजींशीही बोलले. ते म्हणाले, त्यांचंही ऐकत नाहीस."

म्हणजे माझ्यामागे यांच्या बैठका चालतात. मला जे बोलता आलं ते सगळं बोलले. कुणाला गिअर शिकवले, कुणाला पडताना धरलं, सगळं काढलं. ती रडायला लागली. मग सायकलवर बसली आणि निघाली, या खेपेला न थांबता. बांधावर तिचा ठिपका व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मी इतकी वर्षं तिच्याबरोबर चालवतेय आणि ती एवढी वेगात जाते हे आज पाहिलं.

घरी यायला मला दीड तास लागला. शेवटचे चार किलोमीटर चालत.

१८ मार्च, बुधवार

बाईंकडे चाचणीची चाकं परत केली. म्हटलं पस्तीस-पन्नासचं पक्कं करते, बांधायला घ्या, शर्यतीला साडेतीन आठवडे उरलेत. त्यांनी आधी ठोक्यांचा कागद मागितला. चष्मा लावून वाचला.

"पट्टा बिघडलेला नाही," म्हणाल्या.

"एवढे ठोके कसे असतील? मी हळू जाते."

"तेच तर." कागद टेबलावर ठेवला. "तुमची जुनी चाकं झाली, साठची झाली, ही झाली. पट्टे दोन झाले. हवा कमीजास्त करून झाली. आता तपासायचं काय राहिलं?"

मी विचार केला. "साखळी," म्हटलं.

"तू," त्या म्हणाल्या.

इतके दिवस अहो-जाहो चाललं होतं. एकदम तू.

"तुला मी चाकं देणार नाही. रक्त तपासून ये. रिपोर्ट चांगला आला तर दुसऱ्या दिवशी बांधायला घेते."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. मी चाकं बांधते. चाक डगमगायला लागलं की जो तो रिम बदलायला निघतो. पुष्कळदा रिम चांगली असते, दोष आत, मधल्या हबमध्ये असतो." त्या उठून दार उघडून उभ्या राहिल्या. "पहिल्यांदा आलीस तेव्हा जिन्यात दोनदा थांबलीस. आज चारदा. फोटो तेच आहेत."

आपलं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने बाहेर काढणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. अपमान म्हणतात तो हाच. उद्याच रक्त देणार आहे. चांगला रिपोर्ट त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवते आणि चाकं वारोबाकडूनच घेते.

२० मार्च, शुक्रवार

थोडक्यात लिहिते, हात सुईमुळे अवघडलाय.

काल रक्त दिलं. आज सकाळी कामावर असतानाच डॉक्टरांचा फोन आला, लगेच या. मला वाटलं नाव लिहिताना चुकले असतील.

डॉक्टर तरुण आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. रिपोर्ट माझ्याकडे वळवला आणि एका आकड्याखाली पेनने रेघ मारली. हिमोग्लोबिन सहा पॉइंट दोन. बारा हवं.

"कुणाबरोबर आलात?"

"एकटी."

"कशा आलात?"

"सायकलवर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पाळीचं विचारलं, किती दिवस, किती जास्त, कधीपासून. सांगताना माझं मलाच ऐकू आलं, दीड वर्ष. मग म्हणाल्या, "बर्फ खाता का?"

मी दचकले. यांना कुणी सांगितलं?

"शरीरात लोह कमी झालं की होतं असं. माती, खडू, असं काही खावंसं वाटतं का?"

"प्लास्टर. पण खात नाही, हुंगते फक्त."

त्यांनी ते न हसता लिहून घेतलं. मग सोनोग्राफी केली. गर्भाशयात गाठ आहे. साधी आहे, पण लिंबाएवढी, आणि दर महिन्याला रक्त तिच्यापायी जातंय. आधी रक्त चढवायचं, मग लोह, मग शस्त्रक्रिया. हृदय इतके महिने दुप्पट काम करत होतं, म्हणाल्या. घरी जायचं नाही, आजच दाखल व्हायचं.

"बारा एप्रिलला माझी शर्यत आहे," मी म्हटलं. खरंच म्हटलं. लिहिताना लाज वाटतेय.

"घरचा नंबर सांगा," त्या म्हणाल्या.

नवरा पंधरा मिनिटांत आला. वर्गातून तसाच निघाला होता, फळा पुसायचा डस्टर हातात होता. तो कुठे ठेवावा ते त्याला कळेना, म्हणून मी घेतला आणि पलंगावर माझ्याशेजारी ठेवला.

२३ मार्च, सोमवार

रक्ताच्या तीन पिशव्या झाल्या. कुणाचं आहे कोण जाणे. दुसऱ्या पिशवीनंतर हात गरम झाले. किती महिन्यांनी, ते आठवत नाही. माझी नखं गुलाबी असतात हेही विसरले होते.

बर्फ आठवलासुद्धा नाही आज.

नवऱ्याला म्हटलं, "तू मला सांगायचं होतंस."

"चारदा सांगितलं. नोव्हेंबरपासून."

"कधी?"

"मी डॉक्टर म्हटलं की तू सायकलीचं सांगायला लागायचीस."

"मग जरा जोरात सांगायचं."

"जोरात सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही म्हटलं. नसतं ऐकलं. मग तो खिडकीकडे बघत म्हणाला, "दिवाणखान्यातून जिना दिसतो. कपड्यांची बादली मांडीवर घेऊन तू मधल्या पायरीवर बसलेली असायचीस. मी तिथे आलो की लगेच उठायचीस आणि म्हणायचीस, चप्पल अडकली. म्हणून मी तिथे यायचंच सोडून दिलं. त्यापेक्षा बादली आधी उचललेली बरी."

मला वाटत होतं मी या घरात सगळं सांभाळून नेतेय.

संध्याकाळी धाकटी आली. दोघींनीही भांडणाचं काढलं नाही. तिने माझे पाय दाबले. गेल्यावर आईचं आठवलं. कपाटाला कपाळ टेकवलेली आई त्रेपन्नाव्या वर्षी गेली. हृदय थकलं होतं, म्हणाले होते. तिचं रक्त कधी कुणी तपासलं का, ते मला माहीत नाही. धाकटीलाही माहीत नसणार. उद्या तिला तपासून घ्यायला लावते.

३१ मार्च, मंगळवार

घरी. धाकटीचा रिपोर्ट बरा आला. दहा पॉइंट आठ, गोळ्या दिल्यात.

दिवसभर झोप येते. आधीही यायची, पण आता झोपून उठलं की झोपल्यासारखं वाटतं.

१२ एप्रिल, रविवार

शर्यत.

जायचं नाही असं ठरवलं होतं. सकाळी नवऱ्याने न विचारताच गाडी काढली. शेवटच्या रेषेजवळ खुर्ची टाकून बसले, अंगावर चादर. ओळखीचे लोक येऊन विचारत होते या वर्षी का नाही. पहिल्या दोघांना पाठदुखी सांगितली. तिसऱ्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "सहा? आणि तुम्ही सायकल चालवत होतात?" आणि माझ्याकडे कौतुकाने बघायला लागला. मला कौतुक नको होतं. एक मूर्खपणा मी इतके महिने चिकाटी म्हणून मिरवला, आणि आता लोकही त्याला तेच नाव देणार.

धाकटी सहासष्ट मिनिटांनी आली. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ. साधी, जुनी चाकं. सायकल गवतात टाकून माझ्या खुर्चीपाशी आडवी झाली. श्वास जागेवर यायला वेळ लागला.

"पासष्टमध्ये आले असते," म्हणाली.

"मग?"

"बांधावर तीनदा मागे वळून पाहिलं. सवय लागलीय."

मी तिच्या हेल्मेटची पट्टी सोडवत बसले. तिला सोडवता येत होती, पण तिने सोडवू दिली.

६ मे, बुधवार

शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली. साधीच होती. बोलायला कंटाळा आलाय, लिहायलाही.

१४ जून, रविवार

परवानगी मिळाली. पाच किलोमीटर, सपाट. नवरा मागून त्याच्या भाजी आणायच्या सायकलवर. मी पुढे गेले की घंटी वाजवतो.

८ ऑगस्ट, शनिवार

हिमोग्लोबिन बारा पॉइंट चार.

गेले तीन रविवार जुन्याच चाकांवर अर्धी फेरी पुरी केली. वेळ अजून वाईटच आहे, पाय महिनोन् महिने बसून आहेत. पण चढावर दम लागतो आणि चढ संपला की जातो. दम लागून जातो, हे मी पार विसरले होते.

सकाळी चाकवाल्या बाईंकडे गेले. त्या चाक फिरवत बसल्या होत्या, एका कानाने ऐकत. मी रिपोर्ट समोर ठेवला. चष्मा लावून त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, मला न कळणारे आकडेसुद्धा.

"आता द्याल?"

"देईन की." खडू उचलला. "किती वर्षं चालवायचीत?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं. वारोबा सेकंदांत बोलायचा, मी मिनिटांत. पुढच्या एप्रिलच्या पलीकडे मी कधी पाहिलंच नव्हतं. मनात हिशोब केला. आईचं वय मध्ये आलं, ते ओलांडून पुढे गेले.

"वीस," म्हटलं.

बाईंनी मान हलवली, जणू हे मापच त्यांना हवं होतं. "मग मागेही पन्नास नको. दोन्ही पस्तीसची घे, कुठल्याही वाऱ्यात नेता येतील. आणि चाकाचे आरे चोवीसऐवजी अठ्ठावीस घालते. दमदार होतील. पण थोडी जड."

"होऊ देत."

"शर्यतीत काही सेकंद जातील तुझे."

"जाऊ देत, बाई."

त्यांनी टेबलावर खडूने लिहिलं, पस्तीस, पस्तीस, अठ्ठावीस, आणि तीन आठवड्यांनी ये म्हणाल्या. चहा दिला. भिंतीवरच्या फोटोतली मधली बाई त्याच आहेत, हे आज कळलं. पाच शर्यती जिंकल्या होत्या. आता गुडघे साथ देत नाहीत म्हणाल्या, तक्रार न करता, हवामान सांगावं तसं.

खाली आले तेव्हा ऊन चढलं होतं. घर सहा किलोमीटर. जाता आलं असतं. पण आज पुरे झालं असं वाटलं, म्हणून नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं, दमलेय, घ्यायला ये. त्याने मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "तिथेच बस. आलो."

छापखान्याच्या पायरीवर, सावलीत, सायकल भिंतीला टेकवून बसून राहिले.